अंगठ्याचं हाड

शिमीच्या दिवशी खरं तर घाबरण्यासारखं काही नसतं. वसंत सरत आलेला असतो, ऊन बेताचं असतं, आणि सगळं गाव डबे, चटया, म्हाताऱ्या आणि तान्ही पोरं घेऊन आपापल्या कबरींवर जेवायला निघतं. आधी मेलेल्यांना वाढायचं, मग त्यांच्याच पुढ्यात बसून आपण हाणायचं. वर्षभराची भांडणं त्या दिवशी कबरीच्या अंगणात मिटतात, नाहीतर नव्याने सुरू होतात. पण त्या वर्षी मकाते डोक्यावर डब्यांची चळत घेऊन टेकडी चढत होती आणि पावलापावलाला मागे वळून बघत होती. योनामिने घराण्याच्या कबरीत मेलेल्यांच्या सोबतीला त्या दिवशी एक जिवंत माणूस होता, आणि तो तिचा एकुलता एक मुलगा होता.

सांदा वीस वर्षांचा. आमच्या बेटांच्या राजाला शुरीच्या वाड्यातून उचलून तोक्योला नेऊन ठेवलं, त्याच साली जन्मलेला. तिकडून आलेल्या सरकारने आता सक्तीची सैन्यभरती सुरू केली होती. तपासणीच्या दिवशी डॉक्टरने सांदाला कमरेपर्यंत उघडा केला, छातीवर टिचक्या मारल्या, दंड दाबून पाहिले, आणि बाजारात बैल दाखवावा तसा दुसऱ्या डॉक्टरला बोलावून दाखवला. आजोबांनी लहानपणापासून घडवलेलं अंग! तेच पोराला भोवलं. हजर व्हायच्या दिवशी सांदा हजर झाला नाही. तेव्हापासून तो कबरीत होता, आजोबांच्या अस्थिकुंभाशेजारी आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या काकाच्या पेटीशेजारी. हाडं धुवायला ती पेटी अजून उघडायची होती. असल्या जागी पोराला झोपवून आल्यावर आईला घरी झोप कुठली लागायला!

सुटकेची वाट एकच होती, समुद्राची. नाहाच्या बंदरात मकातेचा भाऊ हमाली करायचा, त्याने तोंडी निरोप धाडला होता. चीनला, फूचौला जाणारं गलबत शिमीच्या दिवशी खाडीबाहेर थांबेल. एक माणूस कबरीवर येईल. तो तुझ्या म्हाताऱ्या सासऱ्याचा जुना शिष्य. अंगणात तो म्हाताऱ्याचा काता करून दाखवील. ओळख पटली, तर त्याला मांसाचा तुकडा पानात बांधून दे, म्हणजे तो समजेल. नाही पटली, तर नुसता चहा पाज आणि वाटेला लाव.

पुढे सगळ्या जगाने ज्याला कराटे म्हटलं, त्याला तेव्हा गावात नुसतं ‘हात’ म्हणत. अमक्याला हात येतो, एवढंच. कागदावर काही उतरवायचं नाही. वार, अडवणूक, वळणं, जे काही असेल ते कात्यात ठरल्या क्रमाने गुंफून ठेवायचं आणि अंगात मुरवायचं. कात्याला तोंड नसतं, त्यामुळे तो चुगली करत नाही, असं मकातेचा सासरा म्हणायचा. म्हातारा योनामिने भारी संशयी माणूस. त्याचा काता दोन तऱ्हांचा होता. बाहेरच्यांना एक, आतल्यांना एक. मागच्या अंगणात शिकवणी चालायची आणि मकाते पडवीत मागावर बसून सगळं ऐकायची. एकदा तर म्हातारा तिलाच म्हणाला होता, "सूनबाई, शेवटच्या वळणावर बघ. माणूस आपला की परका, ते तिथे कळतं."

आणि ती बघत आली होती. सांदाचं शेवटचं वळण तिला डोळे मिटून दिसे. अंग खाली सोडायचं, दोन्ही तळवे दाबत खाली आणायचे, एक पाऊल आत टाकायचं, संपलं. नातवाला शिकवलेलं ते आतलं, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

हे पुन्हा पुन्हा आठवायला कारणही होतं. शेजारच्या गावात महिन्यापूर्वी असाच एक ‘जुना शिष्य’ आला होता. लोकांनी विश्वासाने लपवलेला पोरगा त्याच्या हवाली केला, आणि वाटेत वळणावर पोलीस उभे. त्या पोराचं पुढे काय झालं, ते कोणी सांगत नव्हतं.

"अगं, तोंड सरळ कर," मागून काठी टेकत येणाऱ्या आत्याबाई म्हणाल्या. कामी हे त्यांचं नाव, मकातेच्या नवऱ्याची आत्या. नवरा समुद्रात गेला, सासरा गेला, उरल्या या. "शिमीला निघालीयेस की सुळावर? लोक बघतायत."

"आत्याबाई, माझे पाय लटपटतायत हो."

"माझे गेली वीस वर्षं लटपटतायत. मी कधी तोंड वाकडं केलं?"

कबरी टेकडीच्या पोटात कोरलेल्या, वर कासवाच्या पाठीसारखं छप्पर, पुढे दगडी बाहूंनी वेढलेलं अंगण. शेजारच्या अंगणातून तंतुवाद्याचे सूर आणि पोरांचा गलका येत होता. मकातेने चटई अंथरली, उकडलेलं डुकराचं मांस, तळलेला मासा, तांदळाचे पांढरे गोळे मांडले, आवामोरीचा, तांदळाच्या दारूचा, पेला भरून कबरीच्या तोंडाशी ठेवला. तोंडावरचा दगड बोटभर सरकवलेला होता, त्या फटीपुढे तिने मुद्दाम फुलांचा गुच्छ उभा केला. गुच्छ लावता लावता ती पुटपुटली, "जेवलास का रे काल?"

"आई, मला इथे वेड लागेल," आतून आवाज आला. "काल पोलीस इथून गेले. शेवटचा एकटाच मागे राहिला होता. एका बुक्कीत आडवा केला असता."

"सांदा! तुला माझ्या गळ्याची शपथ. हलायचं नाही."

 पोलिसांइतकीच ती या पोराच्या डोक्याला भ्यायची. लहानपणी बैलांच्या झुंजीत कोणी त्याच्या बैलाला हसलं, तर याने त्या मुलाचा दात पाडला होता. म्हातारा तेव्हा नुसता नातवाच्या हातांकडे बघत बसला होता.

पाहुणा आला तो ऊन डोक्यावर आल्यावर. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, अंगावर साधा केळीच्या सुताचा झगा. त्याने पायांतली गवती पायताणं अंगणाबाहेर काढली आणि कबरीला लवून नमस्कार केला.

"कोण म्हणायचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कोचिंदा. म्हाताऱ्यांच्या हाताखाली होतो, तरुणपणी. बरीच वर्षं इकडे नव्हतो."

"मग म्हातारा जिवंत असताना नाही का यायचंस? आता तो काय तुझी पाठ थोपटणार आहे?"

"निदान शिव्या तरी नाही देणार, आत्याबाई."

"त्या देईल. त्याचा काही भरवसा नाही."

तो हसला. "त्यांच्यापुढे एकदा काता करीन म्हणतो. चालेल ना, वहिनी?"

मकातेने मान हलवली.  आणि नेमका तेव्हाच दगडी बाहूवर बुटांचा आवाज झाला. पांढरा गणवेश, कमरेला तलवार, तरणाबांड पोलीस. समुद्रापलीकडचा, कागोशिमाकडचा असावा, कारण तिकडचेच सगळे यायचे. त्याने मकातेच्या हातांवरच्या गोंदणाकडे नाक मुरडून पाहिलं आणि खुशाल कबरीच्या बाहूवर बूड टेकलं. लोकांच्या पूर्वजांच्या खांद्यावर बसतोय, हे त्याला कळायचं कुठून!

"येथे काय चालले आहे?" त्याने शाळेतल्या धड्यासारखं विचारलं.

"जेवण, साहेब," आत्याबाई म्हणाल्या. "आणि हे पाहुणे आता नाचणार आहेत. आमच्या म्हाताऱ्याला नाच फार आवडायचा."

"नाचू द्या," पोलीस म्हणाला. "मीही पाहतो."

मकातेला वाटलं, आता पाहुणा काहीतरी निमित्त काढून सटकेल. पण तो अंगणाच्या मध्यावर उभा राहिला, श्वास खोल घेतला आणि सुरू झाला. पहिलं पाऊल पडलं तसं तिच्या अंगावर शहारा आला. सासराच! तोच जडपणा, तेच मध्येच थांबणं, खांदे न हलवता फिरणारी कंबर. शेजारच्या वाद्याच्या तालावर तो सहज नाचल्यासारखा दिसत होता आणि पोलीस बोटांनी ताल धरून बसला होता. मकातेच्या डोळ्यांत पाणी आलं. देवा, हाच तो. पोरगा वाचला.

मग शेवटचं वळण आलं. अंग खाली सुटलं, तळवे दाबत खाली आले. आणि पाऊल टाकायच्या जागी, तळव्यांच्या आडून, त्याचा उजवा पाय चाबकासारखा सुटला. पायाच्या अंगठ्याच्या टोकाने समोरच्या हवेत, माणसाच्या बरगडीखाली बसेल अशा उंचीवर, एकच टोच. क्षणात पाय परत जागेवर.

मकातेच्या पायाखालची वाळू सरकली. ही लाथ सांदाच्या कात्यात नव्हती. कधीच नव्हती. म्हणजे हा बाहेरचा. बाहेरच्याला दिलेला काता घेऊन आलेला, कोणी पढवून धाडलेला. आणि पोलीस नेमका याच्या मागोमाग यावा, हाही योगायोग नव्हे तर!  तिने मांसाच्या डब्याकडे गेलेला हात मागे घेतला आणि किटली उचलली.

"चहा घ्या," ती म्हणाली. 

कोचिंदाने पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने पेला दोन्ही हातांनी घेतला.

आणि कबरीच्या आतून ‘टक्’ असा आवाज झाला.

भाजलेलं मडकं फुटावं तसा. लहान, पण स्पष्ट. पोलिसाचा ताल थांबला. तो उतरून उभा राहिला.

"आत काय आहे?"

 आत्याबाईंनी माशाचा काटा शांतपणे दातांतून काढला. "आमचा म्हातारा आहे. शेवटचं वळण आवडलं नसेल त्याला. जिवंतपणीही असाच मडकी आपटायचा."

"थट्टा नको. दगड काढा."

"काढू की. बरंच झालं, पुरुषाचा हात हवाच होता." आत्याबाई काठी टेकून उठल्या, थेट दगडाशी जाऊन बाह्या सारू लागल्या. "आत माझा धाकटा भाचा आहे, दोन वर्षांपूर्वी मेलेला. त्याची हाडं धुवायची राहिलीयेत. मांस बरंचसं गळून गेलं असेल, राहिलं असेल ते खरवडायचं. साहेब, तुम्ही डोकं धरा, मी पाय धरते. मकाते, साहेबांना बाह्या बांधायला दोरी दे गं."

पोलिसाचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्याकडे मेलेल्याला एकदा मातीत घातलं की पुन्हा कोणी तोंड बघत नाही. आमच्याकडच्या बायका पूर्वजांच्या हाडांना हात लावतात, हे ऐकूनच त्या लोकांना ओकारी यायची. तो मागे सरला.

"मी... मी मुखियाला घेऊन येतो," तो म्हणाला. "माणसांसह. तोवर कोणी येथून काही हलवू नये." आणि टेकडी उतरायला लागला. त्याची पावलं सुरुवातीला बेतानं पडत होती, मग भराभर पडायला लागली.

"आला की परत," आत्याबाई हळूच म्हणाल्या.  "मकाते, तो येणार. काय करायचं ते आता कर."

काय करणार! पोराला आत ठेवलं तर मुखिया दगड काढणार. बाहेर काढलं तर द्यायचं कोणाच्या हातात, या चोराच्या? कोचिंदाने चहाचा पेला रिकामा करून उलटा ठेवला. "बरं वहिनी," तो खाली मान घालून म्हणाला, "मी निघतो. काही चुकलं असेल तर म्हाताऱ्यांनी माफ करावं." तो अंगणाच्या कडेला बसला आणि पायताण चढवायला त्याने उजवा पाय गुडघ्यावर घेतला.

मकातेची नजर त्या पायावर पडली आणि तिथेच खिळली.

अंगठा अंगठ्यासारखा नव्हताच. आखूड, जाड, पेराच्या जागी गाठ, नख जवळजवळ नाहीसं. तिने तो अंगठा आधी पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, हातात घेतला होता.

गेल्या साली सासऱ्याची पेटी उघडली, तेव्हा घरातली मोठी सून म्हणून हाडं धुवायचा मान तिचा होता. कवटी धुतली, मणके धुतले, एकेक हाड आवामोरीने पुसून कुंभात बसवलं. कुंभात भरताना पाय सगळ्यात खाली, म्हणून ते आधी घेतले. उजव्या अंगठ्याची हाडं सुटी होईनात. दोन्ही पेरं एकमेकांत जुळून एकच गाठाळ गोळा झाला होता. आत्याबाई म्हणाल्या होत्या, वाताचा विकार असेल. तिनेही तेच मानलं होतं, आणि तो गोळा कुंभाच्या तळाशी ठेवून दिला होता.

वात कसला! आयुष्यभर त्या अंगठ्याने दगड टोचले होते, पहाटे, एकट्याने, इथे कबरीवर, जिथे बायकामाणसं तेव्हा फिरकत नसत. आणि सांदाचे अंगठे? तिनेच न्हाऊमाखू घातलेले ते अंगठे सरळ होते, मुलीसारखे. म्हाताऱ्याने नातवाला ती लाथ दिलीच नव्हती. घरातल्या पोराला त्याने बाहेरच्यांचा काता शिकवला होता!

"पाहुणे!" ती जवळजवळ ओरडलीच. मग शेजारच्या अंगणाचं भान येऊन आवाज खाली आणला. "पाहुणे, असे रित्या हाताने जाता का? हे घरी न्या." तिने मांसाचा मोठा तुकडा पानात गुंडाळला. बांधताना दोरा दोनदा सुटला.

कोचिंदाने ती पुडी कपाळाला लावली. "लवकर करा," एवढंच म्हणाला.

चारीकडे बाहूंच्या भिंती आणि शेजारी गाणं रंगात आलेलं. तिघांनी दगड सरकवला. सांदा बाहेर आला, धुळीने पांढराफटक, उन्हाने डोळे मिचकावत, थोडा लंगडत. बसून बसून पाय आखडला असेल, असं मकातेच्या मनात आलं.

"मी याच्याबरोबर जाणार नाही," तो म्हणाला. "फटीतून मी सगळं पाहिलंय. ती लाथ आजोबांची नव्हे. हा ठग आहे."

"सांदा, वेळ नाही रे. ती आजोबांचीच आहे."

"मग मला का नाही माहीत?"

तिला वाटलं, काहीतरी खोटं सांगावं. पण खोट्यावर हा जागचा हलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. "कारण त्यांनी तुला दिली नाही. तुझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. झालं समाधान?"

सांदाचं तोंड कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आईच्या काळजात कळ आली, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. त्याच्या मुठी वळल्या. तो कोचिंदाकडे एक पाऊल सरकला. कोचिंदा हलला नाही.

"मला दिली तेव्हा मी तुझ्याएवढा होतो," तो म्हणाला. "वस्तीत एकाने दारूच्या भरात माझी टिंगल केली. मी ती एकदाच मारली. तो खाली बसला, हसलासुद्धा. दुसऱ्या दिवशी मेला. त्याची आई माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. तुझ्या आजोबांनी मला गलबतात बसवलं, आणि त्यानंतर ती लाथ कोणालाच दिली नाही. तुला तर मुळीच नाही. तू त्यांचा लाडका होतास."

सांदाने मान खाली घातली. तो आपल्या पायांकडे बघत राहिला. "चला," तो शेवटी म्हणाला.

आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावर त्याच्या बापाची जुनी गवती टोपी चेपली, खांद्यावर कावड दिली, दोन्हीकडे रिकामे डबे. जेवून परतणाऱ्या माणसांची आता वाटेवर रांग लागली होती, त्यात आणखी एक हमाल कोणाला दिसणार!

"जातो, आई."

"येतो म्हण, मेल्या," आत्याबाई खेकसल्या आणि बाहीने डोळे पुसायला लागल्या.

"येतो."

मकातेला त्याला पोटाशी धरायचं होतं. अंगणात ते शोभलं नसतं, लोकांनी पाहिलं असतं. तिने फक्त त्याच्या टोपीची नाडी घट्ट केली. ते दोघे रांगेत मिसळले. तिचा जीव त्या टोपीमागून टेकडी उतरत गेला, खाडीपर्यंत, होडीपर्यंत. कोणी हटकलं नाही. होडी किनाऱ्यापासून सुटली.

"रडायचं मग," आत्याबाई म्हणाल्या. "आधी आतलं आवर. तो येईल आता मुखियाला घेऊन."

मकाते गुडघ्यांवर रांगत कबरीत शिरली. चटई गुंडाळली, पाण्याचा भोपळा घेतला, धुळीतले पावलांचे ठसे तळव्याने पुसले. काकाची पेटी जागच्या जागी होती. सासऱ्याचा कुंभ होता. त्याच्या शेजारी आणखी एक कुंभ होता, कोरा. पुढे लागणारच म्हणून तिने स्वतःसाठी आणून ठेवलेला.

फटीतून येणाऱ्या उजेडाची तिरीप त्याच्या पोटावर पडली होती आणि तिथे भोक होतं. जाड, नीट भाजलेल्या मातीला आरपार पडलेलं, अंगठ्याएवढं. कुंभाला बाकी कुठे तडासुद्धा गेला नव्हता. काठाला थोडं रक्त लागलं होतं, अजून ओलं.

ती उकिडवीच राहिली. मघाचा तो ‘टक्’ तिच्या कानात पुन्हा वाजला. तो लंगडत होता. बाहेर पोलीस बसलेला, आईचा जीव टांगलेला, आणि पोराने फटीतून एकदा पाहिलं, आणि त्याच्याने राहवलं नाही. म्हाताऱ्याने इतकी वर्षं जे त्याच्यापासून राखलं, ते त्याने एका नजरेत उचललं होतं. मग बाहेर येऊन त्या माणसाची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि मान खाली घालून आपल्या पायाकडे बघत राहिला. तिला वाटलं होतं, पोरगा शरमला.

ती रांगत बाहेर आली. समुद्रावर होडी आता फार लहान दिसत होती. हाक पोहोचण्यासारखी नव्हती, आणि मारायची तरी काय म्हणून? पोरगा सुटला होता. सकाळपासून ज्याच्यासाठी धडपडली, ते झालं होतं. पण भीती सुटली नव्हती. आता तिला भीती वाटत होती ती कोणा परक्या बाईसाठी, फूचौच्या कुठल्याशा गल्लीतल्या, जी एके दिवशी तिच्या पोराच्या दारात येऊन नुसती उभी राहील.

टेकडीखालून माणसांचे आवाज येऊ लागले. मकाते पुन्हा आत गेली, कुंभ फिरवून भोक भिंतीकडे केलं, आणि आत्याबाईंच्या मदतीने दगड लोटायला लागली.